धुराड्याचा नकाशा

हर्णैत जानेवारीतही पंखा तीनवर असतो.
तरी जुबेदा सारंग यांना दिवाणखान्यात आग हवी,
काचेमागची, गॅसवरची, बटणाने लागणारी,
कार्डिफच्या घरात अडतीस वर्षं होती तशी.
थंडीसाठी? मी विचारलं.
थंडी कुठली बाबा इथे, म्हणाल्या. बघायला.

मी आजवर काजूच्या कारखान्यांची धुराडी केली,
कर्द्याच्या दोन हॉटेलांच्या भटारखान्यांची,
एकदा एका बेकरीचं, त्याचे पैसे अजून यायचेत.
बघायच्या आगीचं धुराडं हे पहिलंच.

गवंडी यशवंत शिगवण. त्याचा प्रश्न साधा:
"गॅसला धूर नसतोच, मंग नळी कशाला?"
दिसत नाही म्हणूनच, मी म्हटलं.
चुलीचा धूर डोळ्यांत पाणी आणतो,
झोपलेल्या माणसाला उठवतो.
हा उठवत नाही.
यशवंतने कानावरची विडी काढली
आणि परत कानावर ठेवली.

तर नळी. खरं म्हणजे नळीत नळी.
आतलीतून जळकं बाहेर जायचं,
भोवतालच्या पोकळीतून वारा आत यायचा,
अबोला धरलेल्या दोन जावा
एकाच जिन्याने चढतात-उतरतात तसं.

पुस्तिका सांगते: आधी उभी चढवा, मग वळवा.
वळणं जितकी कमी तितकं बरं.
लाकडापासून चार बोटं, खिडकीपासून दीड हात.
खाऱ्या हवेबद्दल पुस्तिकेत अक्षर नाही.
ते मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहिलं:
साधा पत्रा नको, तीन पावसाळ्यांत चाळण होते.

पश्चिमेची भिंत सोपी होती. एक वळण की बाहेर.
पण बाहेर समुद्र.
शिडीवर चढून तिथे उदबत्ती धरली
तर धूर माझ्याच तोंडावर आला,
आणि हा थंडीतला शहाणा वारा,
आषाढातला अजून यायचाय.
दक्षिणेला खतिबांची खिडकी, आत पाळणा.
पुस्तिकेतला दीड हात तिथे पुरत होता.
मला पुरेना.
उत्तरेला बाईंचीच झोपायची खोली.

म्हणजे वर. कौलांतून.

आता छपराचं असं आहे:
वाटणी झाली तेव्हा खोल्या एका रेषेने तुटल्या,
छप्पर दुसऱ्याच.
दिवाणखाना बाईंचा,
पण आढ्यापलीकडचा उतार दीर मुनाफ यांचा, ते कुवेतला.
मी सरळ ओळंबा सोडला
तो नेमका मुनाफांच्या कौलाखाली थांबला.
बाईंच्या उतारावर न्यायचं तर दोन तिरकी वळणं,
शिवाय आडवा येणारा फणसाचा वासा,
कापायचा नाही, त्यांनी आधीच बजावलेलं.

संध्याकाळी फोन लावला.
बाईंनी भिंत दाखवली, छत दाखवलं, मला दाखवलं,
मग ओळंबा, जो अजून हलत होता.
पलीकडे हसू. "भाभी, कोकणात आगीपुढे बसणार?"
मग कुणीच काही बोललं नाही, पडद्यावर त्यांचं कपाळ तेवढं.
"माझ्या कौलातून काढा. फक्त
धूर निघाला की फोटो पाठवा."
बाई हो म्हणाल्या.
मी सांगणार होतो, सांगितलं नाही.

वाशापासून पाच बोटं. तीनदा मोजली.
सहा कौलं उतरवली, शिशाचा पत्रा दाबून बसवला,
टोपी आढ्याच्या वर काढली
म्हणजे वारा कुठूनही आला तरी तिला सारखाच.

फेब्रुवारीत खाली बाईंनी बटण दाबलं.
मी वर, पाय कौलांवर, हात टोपीजवळ.
ऊब आली. धूर नव्हता.
पण टोपीवरची हवा थरथरत होती,
आणि तिच्यातून बंदरातल्या होड्यांच्या काठ्या
वाकत होत्या, सरळ होत होत्या.

फोटोत कौलं आली, नळी आली, निळं आभाळ आलं.
बाईंनी पाठवला.
कुवेतहून लगेच: "कुठे आहे?"
त्यांनी मोबाइल माझ्याकडे दिला.
मी बोटाने आभाळात एक लाल बाण काढला,
रिकाम्या जागेकडे,
आणि परत पाठवला.